पाणकोंबडीचं कॅरेक्टर

दुपारची कामं दुभाषीबाईला नको वाटत. सकाळी दोन्ही भाषा तिच्या डोक्यात आपापल्या खोल्यांत नीटनेटक्या बसलेल्या असत. जेवण झालं की मधलं दार कुणीतरी हळूच लोटल्यासारखं होई आणि त्या एकमेकींकडे ये-जा करू लागत. इंग्रजी ऐकता ऐकता ती मराठीत कुठेतरी लांब निघून जाई, आणि मराठी बोलता बोलता एखादा इंग्रजी शब्द पाहुण्यासारखा जिभेवर येऊन टेके. यात वाईट काही नव्हतं. डोळा लागण्याआधी जशी गोड गुंगी येते, तसंच ते. पण त्या गुंगीत बसून पोटापाण्याचं काम करायचं म्हणजे अवघड.

काम असं होतं की जिथं दोन माणसांना एकमेकांची भाषा येत नाही, तिथं मधोमध खुर्ची टाकून बसायचं. एकाचं इंग्रजी दुसऱ्याला मराठीत द्यायचं, दुसऱ्याचं मराठी पहिल्याला इंग्रजीत. दवाखान्यात, शाळेत, सरकारी कचेरीत. एजन्सीचा फोन आला की कोट चढवायचा आणि निघायचं. आपलं मत द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, बाजू घ्यायची नाही. काचेसारखं राहायचं, असं एजन्सीवाले शिकवत. आणि इतक्या वर्षांत तिला काच होऊन राहायची सवयही झाली होती.

त्या दिवशीचं काम तरणतलावावर होतं, आणि तेही दुपारचं.

तलाव शहराच्या जुन्या भागात होता. बाहेरून बघणाऱ्याला गोदामच वाटावं. आत शिरलं की मात्र ऊबदार वाफ अंगाला बिलगायची. छपराला हिरवट काचा होत्या, त्यातून ऊन गाळून खाली यायचं, पाण्यावर आपटून पुन्हा भिंतींवर चढायचं. पोहणाऱ्यांचे आवाज उंच छतापर्यंत जाऊन गोल होऊन परत यायचे, कोण काय बोललं ते कळायचंच नाही. समितीची खोली वरच्या मजल्यावर होती. तिला एक लांबलचक खिडकी होती आणि त्या खिडकीतून खालचं पाणी दिसे. खोलीच्या छतावर उजेडाच्या लाटा सावकाश सरकत होत्या. दुभाषीबाई खुर्चीत बसली आणि तिला वाटलं, आपण पाण्याच्या तळाशी बसून वर बघतोय.

टेबलाच्या पलीकडे समितीचे अध्यक्ष होते. ते दातांचे डॉक्टर. समोरचा माणूस बोलायला लागला की त्यांची नजर आपसूक त्याच्या दातांवर जाई. शेजारी सचिव, शाळेत गणित शिकवणाऱ्या एक तरतरीत बाई. आणि अलीकडे, दुभाषीबाईच्या बाजूला, पन्नाशी ओलांडलेली, रुंद खांद्यांची एक बाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

ही तलावाची राखण करणारी. पोहायला येणारी पोरं तिला 'पाणकोंबडी' म्हणत, कारण ती मान पुढे-मागे करत काठाकाठानं तुरुतुरु चाले. पुढे मोठी माणसंही तेच म्हणू लागली. तिला त्याचा राग नव्हता. "पोहता येतं एवढं तरी कबूल करतात ना," म्हणायची.

झालं होतं ते असं. थंडी सुरू होता होता एका दुपारी रोज पोहायला येणारे एक म्हातारे घड्याळजी पाण्यातच चक्कर येऊन बुडायला लागले. पाणकोंबडी काठावरच्या खुर्चीत होती आणि तिचा डोळा लागला होता. कुणाच्या तरी किंकाळीनं ती जागी झाली, अंगावरच्या कपड्यांनिशी, पायातल्या बुटांसकट पाण्यात पडली, घड्याळजींना ओढून बाहेर काढलं आणि तोंडानं श्वास देऊन त्यांचा गेलेला जीव परत आणला. घड्याळजी वाचले. थोड्याच दिवसांत पुन्हा पोहायलाही येऊ लागले. पण समितीनं पाणकोंबडीला काठावरून उचलून तळघरात टॉवेल धुवायला पाठवलं आणि दाराशी, काचेच्या पेटीत, इंग्रजीत एक सूचना लावली.

पाणकोंबडीला इंग्रजी वाचता येत नव्हतं. वेळा बदलल्याची सूचना असेल, असं तिला वाटलं. येता-जाता पेटीवर वाफेचे थेंब दिसले की ती हातातल्या फडक्यानं काच पुसायची. सगळा हिवाळा पुसली. मग एके दिवशी पोहायला येणारी एक नर्स तिच्या मागे थांबली आणि कानकोंडी होऊन म्हणाली, "अहो, हे तुमच्याबद्दल आहे. आणि बरं नाहीये." नेमकं काय ते सांगायला काही ती नर्स धजली नाही. पाणकोंबडीनं समितीकडे सुनावणी मागितली. म्हणून दुभाषीबाई तिथं आली होती.

अध्यक्षांनी घसा साफ करून सूचना वाचायला घेतली. ते एक वाक्य वाचत आणि थांबत, दुभाषीबाई ते मराठीत पाणकोंबडीला देई. तारीख, वेळ, घटना. सगळं सुरळीत चाललं होतं. पाणकोंबडी मान डोलावत होती, हो, असंच झालं, असंच. खोली ऊबदार होती. छतावर उजेड हलत होता. दुभाषीबाईला आठवलं, लहानपणी ती ताप आला की अशीच छताकडे बघत पडायची आणि आई बोलते ते खूप लांबून ऐकू यायचं.

"या प्रसंगी सदर कर्मचारी बाईंनी," अध्यक्षांनी शेवटचं वाक्य वाचलं, "ना व्हिजिलन्स दाखवला, ना कॅरेक्टर."

दुसरा शब्द पाणकोंबडीनं ओळखला. तो काय, सगळ्यांनाच ठाऊक असतो. ती झटकन दुभाषीबाईकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर अशी काही आशा होती, जणू आपण चुकीचं ऐकलं असणार, ही आता दुसरं काहीतरी सांगेल.

"दक्षता," दुभाषीबाई म्हणाली. ते लगेच सापडलं. मग जो पहिला हाताला लागला तो शब्द तिनं उचलला. "त्या दिवशी तुम्ही दक्षता दाखवली नाही, आणि चारित्र्यही."

पाणकोंबडीच्या तोंडाचा रंग उडाला. तिनं एकदा अध्यक्षांकडे पाहिलं, एकदा सचिवांकडे, आणि मग कुणाकडेच नाही. पर्स काखेत मारून ती उठली.

"मला काही नको," ती म्हणाली. "तक्रार मागे घेते. राहू द्या."

दुभाषीबाईनं तेही इंग्रजीत सांगितलं, नीट, शब्दाला शब्द. अध्यक्ष चकित झाले आणि जरासे सुटल्यासारखेही. सचिवांनी कागद आवरले. खिडकीतून खाली पाणकोंबडी दिसली. कोट घालून ती काठावरून दाराकडे चालली होती. मान हलत नव्हती. एकदाही तिनं पाण्याकडे पाहिलं नाही.

दुभाषीबाईचा नवरा बोटीवर नोकरीला. घरात ती आणि सासूबाई. सासूबाईंचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला होता. तारा जोडता जोडता अख्ख्या शहराचं बोलणं कानांवरून गेलेलं, त्यामुळे कोण काय बोललं यापेक्षा कशासाठी बोललं हे त्यांना आधी कळे. आता एक कान गेला होता. दुसरा मात्र तिखट होता.

संध्याकाळी सूप ढवळता ढवळता दुभाषीबाईनं दुपारची हकीकत सांगितली. माणसांची नावं ती घरी कधी सांगत नसे, पण गोष्टी सांगे. सासूबाई विणत बसल्या होत्या.

"विचित्रच बाई," दुभाषीबाई म्हणाली. "एवढी सुनावणी मागितली, आणि ऐन वेळी उठून गेली."

"कशावरून उठली?"

"त्यांनी लिहिलं होतं कॅरेक्टर दाखवलं नाही. मी सांगितलं, चारित्र्य दाखवलं नाही."

सासूबाईंची सुई थांबली. "बाई एकटी आहे का गं?"

"नवरा वारलाय म्हणे. मुलगा आहे, सून आहे."

"आणि तू तिला चारचौघांत म्हणालीस की तुझं चारित्र्य बरं नाही."

"तसं नाही हो, आई! कॅरेक्टरला चारित्र्यच म्हणतात. कोशात पहिला शब्द तोच आहे."

"कोशातलं कोशात," सासूबाई म्हणाल्या. "पुरुषाचं चारित्र्य म्हटलं की लोक बघतात तो खोटं बोलतो का, खाबूगिरी करतो का. बाईचं म्हटलं की एकच गोष्ट बघतात. मी तीस वर्षं कानाला यंत्र लावून ऐकलंय. एकच."

पळी सुपात तशीच राहिली. सासूबाईंचं म्हणणं तिला नवीन नव्हतं, हेच वाईट होतं. हे तिला केव्हापासून ठाऊक होतं, रस्त्यावरच्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. अध्यक्षांनी ज्या अर्थानं म्हटलं, त्यात पुरुषबिरुष कुठे नव्हताच. माणूस कसोटीला उतरतो की नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. आणि तिनं मधोमध बसून त्या साध्या शब्दाला चिखल लावून पुढे दिला होता. सूप उतू गेलं तेव्हा सासूबाईंनीच उठून गॅस बंद केला.

"मग जाऊन सांग तिला," त्या म्हणाल्या.

"असं एकटीनं भेटायला परवानगी नसते."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा विणायला लागल्या. त्या 'बरं'मध्ये सगळं होतं.

दुसऱ्या दिवशी दुभाषीबाई तलावावर गेली. दाराशी काचेची पेटी होती. काच धुकटली होती. आज कुणी पुसली नव्हती. ती जिना उतरून तळघरात गेली.

तिथलं जग वेगळंच होतं. भिंतीला ओळीनं यंत्रं, प्रत्येकाला गोल काच, आणि काचेमागे पांढरे टॉवेल गरगरत होते, पडत होते, पुन्हा उठत होते. वाळत्या कापडाचा उबट वास. मधल्या लांब टेबलाशी पाणकोंबडी घड्या घालत होती. टॉवेल झटकायचा, दुमडायचा, हात फिरवायचा. तिनं वर पाहिलं.

"तुम्ही? आता आणखी काय राहिलं सांगायचं?"

"मावशी, माझं चुकलं," दुभाषीबाई म्हणाली. रस्त्यात तिनं बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही. "तुम्हाला मी जे सांगितलं ते त्यांनी म्हटलंच नव्हतं. शब्द तोच होता, पण अर्थ तो नव्हता. तुमच्या... तुमच्या वागण्याबद्दल, तसल्या, कुणी काही लिहिलेलं नाही. तिथं कुणाच्या मनातही नव्हतं. ते माझ्या तोंडून आलं."

पाणकोंबडीच्या हातातला टॉवेल अर्धवट दुमडलेला तसाच राहिला. यंत्रं फिरत राहिली.

"त्यांनी बॉयलरवाल्याबद्दल नव्हतं म्हटलं?" तिनं विचारलं.

"कोण बॉयलरवाला?"

पाणकोंबडीनं मागच्या लोखंडी दाराकडे बघितलं. पाणी तापवणारा बॉयलर तिकडे होता आणि तो सांभाळणारा एक अबोल, मिशाळ माणूस. हिवाळाभर तो दुपारी चहाची किटली घेऊन इकडे यायचा. दोघं या टेबलाशी बसून चहा प्यायची. तो फारसं बोलायचा नाही, ती बोलायची. एवढंच. कप धुऊन तो परत जायचा.

"मला वाटलं कुणी तरी बघितलं आणि त्याचं हे केलं," पाणकोंबडी म्हणाली. "काल वरून आले ती सरळ त्याच्याकडे गेले. म्हटलं, उद्यापासून येऊ नका. का ते विचारलं नाही त्यानं. किटली उचलली आणि गेला." तिनं टॉवेल टेबलावर आपटला. "रात्रभर जीव नुसता टांगणीला. सुनेकडे बघवेना. मुलाला काय सांगू? आणि तुम्ही म्हणता, कुणी म्हटलंच नव्हतं!"

दुभाषीबाईला वाटलं, हिनं आपल्याला दोन शिव्या हासडल्या तर बरं होईल. पण पाणकोंबडी एका उलट्या टोपलीवर बसली आणि बराच वेळ गोल काचेमागच्या टॉवेलांकडे बघत राहिली. उठत होते, पडत होते.

"मग त्यांनी म्हटलं तरी काय?" ती अखेर म्हणाली.

दुभाषीबाईही दुसऱ्या टोपलीवर बसली. आता घाई नव्हती. शब्द तिनं आधी मनातल्या मनात फिरवून पाहिला. "माणूस आतून कसा घडलाय, ते. वेळ आली की टिकतो का पाय लावून पळतो. अंगावर घेतलेलं निभावतो की टाकून देतो. ते तुमच्यात नाही, असं लिहिलंय."

"म्हणजे मी पळाले?"

"तसंच म्हटल्यासारखं होतं."

"बुटांसकट उडी टाकली मी!" पाणकोंबडी उभी राहिली. तिच्या गालांवर रंग परत आला होता. "नवे बूट होते. त्याच्या तोंडातली कवळी बोटानं काढली नि श्वास दिला. आणि मी पळाले?" ती टेबलाला एक फेरी मारून आली, मान पुढे-मागे करत. "हे बरं झालं. याच्यावर मला भांडता येईल. त्या दुसऱ्यावर काय भांडणार? त्याच्यावर जितकं बोलावं तितकं ते खरं वाटतं."

तिनं पुन्हा घड्या घालायला घेतल्या. दुभाषीबाईनं टॉवेलाचं दुसरं टोक धरलं. दोघी जवळ येत, लांब जात.

"एक विचारू?" पाणकोंबडी म्हणाली. "इतक्या शिकलेल्या तुम्ही. असं झालं कसं?"

"दुपार होती. ऊब होती. छतावर उजेड हलत होता, त्याच्याकडे बघत होते. पहिला आला तो शब्द दिला."

"म्हणजे तुमचाही डोळा लागला."

"हो," दुभाषीबाई म्हणाली. "उघडा ठेवून लागला."

पाणकोंबडी पहिल्यांदा हसली. मोठ्यानं नाही, नाकातून.

सुनावणी पुन्हा भरली. त्याआधी दुभाषीबाईनं एजन्सीला आणि समितीला आपली चूक कळवली होती, आणि बसल्याबरोबर तिनं ती अध्यक्षांना इंग्रजीत पुन्हा सांगितली. सांगताना तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या तोंडचं 'मी' बोलत आली होती. मी आजारी आहे, मी सही केली नाही, मी त्या रस्त्यानं गेलो नव्हतो. आज 'मी' म्हटलं ते तिचं तिचंच होतं.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, असं असेल तर दुसरा दुभाषी बोलवावा हे बरं. दुभाषीबाईनं हेही मराठीत सांगितलं. आपल्याला घालवायचं वाक्य आपणच भाषांतरित करायचं, हे तिच्या नशिबात पहिल्यांदाच आलं होतं.

"हीच बसू दे," पाणकोंबडी म्हणाली. "एकदा डोळा लागून तोंडावर आपटलेलं माणूस पुन्हा इतक्यात झोपत नाही. मला विचारा."

सचिवांना हसू आवरलं नाही. अध्यक्षांनी मान हलवली आणि मुद्द्यावर आले. माणूस वाईट नव्हता. सूचना रागाच्या भरात लिहिली गेली होती, हे त्यांना केव्हाच पटलं होतं. फक्त लिहिलेलं खोडायचं कसं, हे त्यांना सुचत नव्हतं, कारण एकदा खोडलं की समितीची शोभा होणार. त्यांनी एक तोडगा काढून आणला होता. जुनी सूचना तशीच ठेवायची आणि खाली एक ओळ वाढवायची. बाईंच्या रेप्युटेशनला धक्का लागला असल्यास समितीला खेद आहे.

पाणकोंबडीनं दुभाषीबाईकडे पाहिलं. दुभाषीबाईनं हात वर करून समितीकडे थोडा वेळ मागितला. असं ती आधी कधी करत नसे. काचेनं कधी वेळ मागितलाय?

"रेप्युटेशन म्हणजे तुमचं नाव," ती सावकाश म्हणाली. "लोक तुमच्याबद्दल जे बोलतात ते. लौकिक."

"ते लोकांच्या तोंडी असतं," पाणकोंबडी म्हणाली. "त्याचा खेद यांना कशाला? आज एक म्हणतील, उद्या दुसरं. मला पोरं कोंबडी म्हणतात, ते माझं नावच आहे की."

अध्यक्षांनी विचार केला. मग 'इमेज' लिहिलं तर?

"लोकांना बाहेरून तुमचं जे रूप दिसतं ते."

"ते ज्याचं त्यानं बघावं."

'स्टेटस'? दुभाषीबाईनं सांगितलं, म्हणजे तुमची पायरी, तुमचा दर्जा. पाणकोंबडी म्हणाली, वरून तळघरात गेले ती पायरी तर सगळ्यांनी मोजलीच. सचिवांना आता या खेळात रस वाटू लागला होता. त्या पुढे झुकून म्हणाल्या, 'डिग्निटी' कसं वाटेल? दुभाषीबाई या शब्दापाशी जरा रेंगाळली. तो तिच्या आवडीचा शब्द होता, थंड आणि जड, पितळी मुठीसारखा. "आब," ती म्हणाली. "माणसाचा स्वतःपाशी असतो तो मान."

"तो माझ्यापाशीच आहे," पाणकोंबडी म्हणाली. "गेला कुठे होता?"

खिडकीबाहेर कुणीतरी सूर मारला आणि छतावरचा सगळा उजेड फुटून पुन्हा जुळला. दुभाषीबाईचं लक्ष तिकडे गेलं नाही. ती पाणकोंबडीच्या तोंडाकडे बघत होती.

"मला एवढे शब्द नकोत," पाणकोंबडी म्हणाली. "यांनी नेला कुठला? कॅरेक्टर. मग तोच परत आणून द्यायचा. माझं पातेलं नेलं आणि बदल्यात चार चमचे आणून ठेवले, तर मी स्वयंपाक कशात करू? कॅरेक्टर नव्हतं असं लिहिलंय, ते होतं असं लिहा."

दुभाषीबाईनं इंग्रजीत सांगितलं. पातेलं आणि चमचेही सोडले नाहीत. अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले.

"पण बाई झोपल्या होत्या," ते म्हणाले. "हे त्याही नाकारत नाहीत."

"नाही ना नाकारत," पाणकोंबडी म्हणाली. "तो पहिला शब्द आहे ना, दक्षता? तो राहू द्या. त्याला मी हात लावत नाही. माझा डोळा लागला, माणूस बुडत होता, ते खरं आहे. ते पेटीत राहिलं तरी मी काच पुसेन. पण दुसरा शब्द खोटा आहे."

हे इंग्रजीत होऊन टेबलापलीकडे पोहोचलं. दोष खोडा म्हणणारी माणसं अध्यक्षांनी भरपूर पाहिली होती. अर्धा ठेवा म्हणणारी ही पहिलीच. त्यांनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी पेन पुढे सरकवलं.

नवी सूचना आठवडाअखेर लागली. त्या दुपारी कर्मचारी बाईंच्या हातून व्हिजिलन्समध्ये कसूर झाली, कॅरेक्टरमध्ये नाही, त्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून एका माणसाला वाचवलं, आधीचा मजकूर समिती मागे घेते. खाली मराठीतही हवं, असा पाणकोंबडीचा हट्ट होता, कारण सून इंग्रजी वाचत नसे. ते काम अर्थातच दुभाषीबाईकडे आलं, आणि ती तळघरातल्या लांब टेबलाशी पेन्सिल घेऊन बसली. चारित्र्य तर बादच. 'स्वभाव' लिहिला तर तो फार मवाळ. 'इमान' लिहिलं तर पाणकोंबडी म्हणाली, "हे चोरी सापडल्यावर लिहितात." 'कणखरपणा' ऐकून ती हसायलाच लागली. "मी काय खांब आहे?"

शेवटी दुभाषीबाईनं पेन्सिल खाली ठेवली. यंत्रांचा एकसुरी आवाज येत होता. दुभाषीबाईला त्या आवाजात पुन्हा ती गोड गुंगी येऊ लागली, पण आज तिनं तिला दाराशीच थांबवलं नाही, येऊ दिलं, नुसता तिच्यावर डोळा ठेवला. आणि मग इंग्रजी शब्द हळूहळू मागे सरत गेला, दिसेनासा झाला, आणि त्याच्या जागी कुणीतरी बाजारात भांडं वाजवून बघत असल्याचा नाद आला.

"'तिच्या हातून चूक झाली,'" ती म्हणाली, "'तिच्यात खोट नाही.'"

पाणकोंबडीनं ते दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. "हे लिहा," ती म्हणाली. "हे माझ्या सुनेला कळेल."

तिला काठावर परत घेतलं, पण एकटीला नाही. दुपारच्या पाळीला आता दोघीजणी असतात, एकीनं बसायचं तेव्हा दुसरीनं उभं राहायचं. घड्याळजी एक दिवस तिच्यासाठी नव्या बुटांचा जोड घेऊन आले. बूट एक माप मोठे होते, पण तिनं ते बोळे कोंबून वापरायला काढले. बॉयलरवाल्याकडे तिला स्वतःलाच जावं लागलं. काय सांगितलं ते तिनं दुभाषीबाईला कधी सांगितलं नाही. तो लगेच काही आला नाही. मानी माणूस होता. उन्हाळा लागता लागता किटली पुन्हा टेबलावर दिसू लागली, एवढं खरं.

दुभाषीबाईलाही चुकीची किंमत पडली. एजन्सीनं तिला कडक शब्दांत समज दिली, परवानगीशिवाय भेटायला गेल्याबद्दल वेगळी, आणि सुनावण्यांची कामं बंद केली. वर्षभर तिच्याकडे धुलाईयंत्रांची माहितीपत्रकं यायची. झाकण नीट लावा, हात कोरडे ठेवा. सासूबाई म्हणाल्या, "चांगलंय, यंत्रांना वाईट वाटत नाही." तिला वाटत होतं, आपण खूप खचून जाऊ. तशी ती खचली नाही. फक्त दुपारी आता मोकळ्या असत, आणि मोकळ्या दुपारचं काय करायचं ते तिला कळत नसे.

म्हणून मग ती तलावावर जाऊ लागली. पोहता तिला येत नव्हतं. पाणकोंबडीनं पाळी संपल्यावर तिला उथळ भागात उतरवलं, पाठीखाली तळहात धरला आणि म्हणाली, "मान सोड. सगळं वजन सोड माझ्यावर." 'तुम्ही'ची 'तू' केव्हा झाली ते दोघींनाही आठवत नव्हतं.

दुभाषीबाईनं मान सोडली. पाणी कानांत शिरलं आणि तलावातले सगळे आवाज एकदम विरघळले. मराठी नाही, इंग्रजी नाही, नुसती एक लांबलचक गुणगुण. वर हिरव्या काचा होत्या, त्यांच्या पलीकडे ऊन, आणि त्या दोहोंच्या मध्ये पाणकोंबडीचं उलटं तोंड हलताना दिसत होतं. ती काहीतरी सांगत होती. ओठ हलत होते, भुवया वर जात होत्या.

दुभाषीबाईनं डोकं वर काढलं. पाणी नाकातोंडात गेलं. "काय म्हणालीस?"

"अगं, काही नाही," पाणकोंबडी म्हणाली. "छान तरंगत होतीस, एवढंच म्हटलं. चल, पुन्हा झोप."